थंडीतही पोहायचंय? पूलला हीट पंप बसवण्याआधी हे वाचा

लोणावळा, पाचगणीकडच्या बंगल्यांतले पूल डिसेंबरात नुसते बघण्यापुरते उरतात. यावर उपाय म्हणजे हीट पंप. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. उलटा चालणारा एसीच म्हणा ना!

केवढा घ्यावा? ८ बाय ४ मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल पूल म्हणजे ४०,००० लिटर पाणी. ते २२ वरून २८ अंशांवर न्यायला सुमारे २८० युनिट उष्णता लागते. साधा हीटर तेवढीच वीज खाईल. सीओपी (म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) ५ असलेला पंप फक्त ५६ युनिट. १२-१४ किलोवॅटचा पंप हे काम साधारण दीड दिवसात करतो.

कॅटलॉगमधला सीओपी बहुधा २६-२७ अंशांच्या हवेतला असतो. थंड हवेत तो घसरतो, म्हणून १५ अंशांचा आकडा मुद्दाम विचारा. हीट एक्स्चेंजर टायटॅनियमचाच घ्या, क्लोरीनपुढे तो टिकतो.

बसवताना:
• जागा उघड्यावरची हवी. बंद खोलीत तो स्वतःचीच गार हवा ओढत बसतो.
• क्रम असा: फिल्टर, हीट पंप, मग क्लोरिनेटर.
• तीन व्हॉल्व्हचा बायपास ठेवा, दुरुस्तीच्या वेळी फिल्टर बंद ठेवावा लागत नाही.
• स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग.
• खाली पाणी ठिबकलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती हवेतली ओल असते.

आणि कव्हर विसरू नका! पूलची बरीचशी उष्णता बाष्पीभवनातून जाते. कव्हर नसेल तर सगळा खटाटोप म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.