गेट-वे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यास ‘काय काय पाहिलेत?’ असे विचारावे, तर अपोलो बंदरावरील गेट-वे ऑफ इंडियाचे नाव बहुधा प्रथम येते. परंतु ‘ते कोणी बांधले?’ असे विचारताच तो गप्प होतो. इमारत लोकांच्या तोंडी राहते व तिचा कर्ता विस्मृतीत जातो. म्हणून या कर्त्याचा अल्प परिचय विद्यार्थी मित्रांस करून द्यावा, असे योजिले आहे.

जॉर्ज विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथॉल या गावी झाला. पर्थ येथे एका वास्तुविशारदाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. पुढे एडिंबरो व यॉर्क येथे अनुभव मिळविला. १९०४ साली, ऐन पंचविशीत, ते मुंबईस आले आणि सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांचे साहाय्यक झाले. कालांतराने तीच जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या काळी मुंबईतील बहुतेक थोर इमारती युरोपातील गॉथिक पद्धतीच्या असत. बेग व विटेट यांनी निराळी वाट धरली. ज्या भूमीवर बांधावयाचे, तेथील जुने कारागीर कसे बांधीत, हे प्रथम पाहावे, असा त्यांचा दंडक होता. विजापूरचा गोलघुमट व गुजरातेतील सोळाव्या शतकाची बांधणी यांचा विटेट यांनी बारकाईने अभ्यास केला. परक्या मुलुखातून आलेल्या मनुष्याने येथल्या गवंड्यांपुढे विद्यार्थी व्हावे, ही गोष्ट लहान नव्हे.

या अभ्यासाचे फळ म्हणजे मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याची कोनशिला १९०५ साली बसली, १९०९ साली विटेट यांचा आराखडा पसंत झाला व १९१४ साली इमारत पुरी झाली. तोच महायुद्ध पेटले आणि वस्तूंऐवजी तेथे जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. लोकांसाठी ती १९२२ साली उघडली. १९९८ पासून तिला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे नाव आहे. तिच्या घुमटाकडे पाहिले असता गोलघुमटाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

गेट-वेची कथा अधिक मनोरंजक आहे. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी बंदरावर उतरली, तेव्हा त्यांच्या स्वागतास पुठ्ठ्याची कमान उभी होती! पक्क्या इमारतीची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली. १९१४ साली विटेट यांचा आराखडा मंजूर झाला, पण जागा समुद्राची. भराव घालून जमीन तयार करण्यातच १९१९ साल उजाडले. पुढल्या वर्षी पाया पुरा झाला. मग पिवळा बेसाल्ट दगड व लोखंडी गजांचे काँक्रीट यांनी इमारत चढू लागली. दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणिल्या. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, तर सर्वांत उंच भाग ८३ फूट आहे. सुमारे २१ लक्ष रुपये खर्ची पडून ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. समोर रुंद रस्ता व्हावयाचा होता, परंतु पैसा उरला नाही. त्यामुळे आजही रस्ता तिच्यापुढे सरळ येत नाही.

विटेट यांनी केवळ मिरविण्याच्या इमारती बांधिल्या नाहीत. परळचे के. ई. एम. रुग्णालय व त्यास जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय यांचा आराखडाही त्यांचाच. त्या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांची अट अशी होती की, तेथे अध्यापक हिंदी लोकच असावेत. औषधोपचारासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या वऱ्हाडातील कित्येक कुटुंबांनी या रुग्णालयाचे व्हरांडे पाहिले असतील. १९१७ साली येथील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मंडळ स्थापिले, त्याचे पहिले अध्यक्ष विटेटच. तेच मंडळ पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाले. १९१९ साली सरकारी नोकरी सोडून ते टाटांकडे गेले. टाटांचे ‘बॉम्बे हाऊस’ त्यांनीच बांधिले. १९२६ साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, आमांशाने मुंबईत त्यांचा अंत झाला. शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले आहेत.

बादशहाच्या आगमनाचे स्मारक म्हणून उभारलेल्या या दारातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी बाहेर पडली. १९६१ साली त्यासमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. बांधविणाऱ्याचा हेतू एक असतो, काळ त्या इमारतीस अर्थ दुसराच देतो. टिकते ते चोख काम.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा चित्रे काढीत बसला किंवा मुलगी घराचे नकाशे आखू लागली, तर तो रिकामा उद्योग समजू नये. आणि मुलांनो, तुम्ही लोणारला सहलीस जाल तेव्हा दैत्यसूदनाच्या देवळाच्या भिंतीपाशी घटकाभर उभे राहा. दगडावर दगड कसा बसविला आहे, ते पाहा, मोजा, वहीत उतरवा. विटेटसाहेबांची विद्या अशाच निरीक्षणातून वाढली.