पुरुषांनो, लघवीचं दुखणं अंगावर काढू नका

2019 साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. चौकशीसाठी सरकारला समिती नेमावी लागली. मायबहिणी बोलल्या, म्हणून ते घडलं. त्यांच्याच शेजारी कोयता चालवणारे पुरुष मात्र आपल्या ओटीपोटाखालच्या दुखण्याबद्दल तोंड उघडत नाहीत. एक लाज, आणि दुसरी खाड्याची भीती. म्हणून हा लेख आम्ही पुरुषांसाठी लिहीत आहोत. घरातल्या बायांनी तो वाचून दाखवावा.

प्रोस्टेट म्हणजे काय?

मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. वीर्यातला काही पातळ भाग ती तयार करते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयाच्या पन्नाशीनंतर बहुतेकांची ही ग्रंथी हळूहळू वाढते आणि नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, जोर करावा लागतो, करून आलं तरी राहिल्यासारखं वाटतं, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. नसबंदीमुळेही ती होत नाही.

मात्र अंदाजाने औषध घेऊ नका. रात्री वारंवार लघवी मधुमेहानेही होते. थंडी-ताप, लघवीला आग आणि अंडकोषामागे ठणका असेल, तर प्रोस्टेटला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो तरुणांनाही होतो. कमरेतून जांघेत उतरणारी कळ मूतखड्याची असू शकते. प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही.

फडातली चुकीची सवय

सारखं उठावं लागू नये म्हणून आपली माणसं फडात पाणीच कमी पितात. त्याने प्रोस्टेटचा त्रास बरा होत नाही. उलट मूतखडा आणि जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. दिवसा पाणी भरपूर प्या, झोपण्याआधी दोन तास कमी करा. दारूने त्रास वाढतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी एकदम अडू शकते, म्हणून गोळी घेताना आपला त्रास आधी सांगा.

इथे थांबायचं नाही

- लघवी पूर्ण तुंबली, ओटीपोट फुगून कळा येतात: कोपीत रात्र काढू नका, 108 ला फोन करा. दवाखान्यात नळी घालून मूत्राशय मोकळं करतात. दुर्लक्ष केलं तर किडनीला इजा होते.
- लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप: त्याच दिवशी दवाखाना.
- मुलाच्या किंवा तरुणाच्या अंडकोषात अचानक जोराची कळ: आत पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंडकोष वाचण्याची शक्यता जास्त.
- लघवीतून रक्त: दुखत नसलं, एकदाच गेलं, तरी तपासून घ्या.

तपासणी आणि उपचार

लघवी, साखर आणि किडनीची तपासणी, सोनोग्राफी, गरज पडली तर पीएसए ही रक्ताची तपासणी. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, साध्या वाढीतही ते वाढतं. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. मिनिटभराचं काम असतं, नाही म्हणू नका. अनेकांना गोळ्यांनी आराम पडतो. सुरुवातीला गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून सावकाश उठा. ऑपरेशन लागलंच तर बहुतेक वेळा ते लघवीच्या वाटेने दुर्बिणीतून होतं, पोट फाडावं लागत नाही.

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढे बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्याकडे निघतात. एकदा फडावर गेलं की तपासणी चार-पाच महिने लांबते. मुकादमाकडून उचल घेतली की गाडी भरायची तारीख ठरते. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने त्या तारखेआधी एक दिवस दवाखान्यासाठी काढावा. कागद आणि गोळ्या बायकोजवळ किंवा टोळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाजवळ ठेवाव्यात, म्हणजे रात्री-बेरात्री परक्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला काय दाखवायचं ते कळेल.