लेहची हवा आणि जामखेडची घोंगडी

लेहहून घरी आल्या आल्या माझ्या भाचीनं बॅग उघडली आणि जामखेडच्या आमच्या ओसरीवर आणलेल्या वस्तू मांडल्या. पश्मिन्याचा एक मफलर, वाळवलेल्या जर्दाळूंची पुडी आणि पाण्याची एक रिकामी बाटली. बाटलीला बूच मात्र घट्ट लावलेलं.

"ही कशाला आणलीस गं एवढ्या लांबून?" आजीनं विचारलं.

"रिकामी नाहीये ती, आजी. तिच्यात लेहची हवा आहे!"

असं म्हणून तिनं बाटली उचलली आणि ती चपापलीच. लेहच्या खोलीत बूच लावलं तेव्हा बाटली चांगली टुमटुमीत होती. आता तिचं पोट पार खपाटीला गेलं होतं. बॅगेत तिच्यावर जड काहीच नव्हतं, कुणी तिच्यावर बसलंही नव्हतं.

मग बाटली चेपली कुणी?

सांगते. पण त्यासाठी तुम्हाला आमच्याबरोबर लेहला यावं लागेल. तिथल्या राजवाड्यात चढायचं, बाजारात हिंडायचं, आणि मग परत जामखेडला यायचं. चला तर!

गोधड्यांची चळत

तुमच्या घरी गोधड्यांची चळत असेल ना? सगळ्यात खालच्या गोधडीची काय अवस्था असते? वरच्या सगळ्यांचं ओझं तिच्यावर, म्हणून ती चपटी होते. सगळ्यात वरची मात्र फुगून ऐसपैस बसलेली असते.

हवेचंही अगदी असंच आहे. समुद्रकाठी राहणारी माणसं या चळतीच्या तळाशी असतात. तिथे आपल्या नखाएवढ्या, म्हणजे साधारण एक चौरस सेंटीमीटर जागेवर वरच्या हवेचं ओझं असतं सुमारे १ किलो! आपल्या शरीराच्या आतूनही तेवढाच दाब असतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. आपलं जामखेड बालाघाटाच्या डोंगरांत आहे, त्यामुळे इथे हे ओझं थोडंसंच कमी भरतं.

लेह मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच. आपलं कळसूबाई शिखर आहे १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं, तरी लेहचा बाजार त्याच्याही वर! तिथे नखाएवढ्या जागेवर हवेचं ओझं उरतं साधारण ६५० ग्रॅम.

आता बाटलीचं कोडं सुटलं का? भाचीनं बाटलीत भरली होती लेहची विरळ हवा. जामखेडला उतरल्यावर बाहेरची दाट हवा तिला चारी बाजूंनी दाबायला लागली. आतली हवा पुरी पडेना, म्हणून बाटली चेपली. वेफर्सचं पाकीट मात्र लेहमध्ये उलटं वागतं. इथून नेलेलं पाकीट तिथे फुगून टरटरीत होतं, कारण आत असते आपल्याकडची दाट हवा!

राजधानीत पहिलं काम: झोपा काढणं

लेह ही फार जुनी राजधानी. लडाखच्या राजांचं राज्य इथून चालायचं. २०१९ साली लडाख केंद्रशासित प्रदेश झाला, तेव्हा लेह आणि कारगिल ही त्याची ठाणी झाली.

दिल्लीहून विमानात बसलं की सव्वा तासात लेह. विमानतळाला कुशोक बकुला रिंपोचे यांचं नाव आहे आणि तो ३,२५६ मीटर उंचीवर आहे. शरीराला एवढा बदल एकदम पेलत नाही. हवेत प्राणवायूचा वाटा सगळीकडे सारखाच असतो, शंभरात एकवीस. पण लेहमध्ये हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. मग छाती भरभर हलू लागते, नाडी जोरात पळते, कुणाचं डोकं दुखतं. म्हणून तिथे पोचल्यावर पहिला दिवस आराम करायचा, भरपूर पाणी प्यायचं, धावपळ अजिबात करायची नाही. हळूहळू शरीर शिकतं. काही आठवड्यांत ते प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशीही जास्त बनवायला लागतं.

आम्ही एका घरात पाहुणे म्हणून उतरलो होतो. स्वयंपाकघरात डाळ शिजत होती, प्रेशर कुकरमध्ये. घरातल्या आजींनी हसत हसत सांगितलं, "इथे उघड्या भांड्यात डाळ शिजवायची तर दिवस जाईल." हवेचा दाब कमी, म्हणून लेहमध्ये पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. जामखेडला ते साधारण ९८ अंशांना उकळतं. लेहचं पाणी नुसतं खळखळतं, पण डाळ शिजण्याइतकं तापत नाही. कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो, म्हणजे भांड्याच्या आत आपल्याकडची हवा आणून बसवतो म्हणा ना!

घोंगडी पाहून आजी म्हणाल्या…

लेहला निघताना माझ्या आईनं आमच्या सामानात घोंगडी घातली होती. "थंडी आहे तिकडे, घेऊन जा," एवढंच म्हणाली. ती घोंगडी मी खाटेवर पसरली, तेव्हा त्या लडाखी आजी जवळ आल्या. अंगठा आणि बोट यांच्यात त्यांनी घोंगडीचं टोक धरलं, चोळलं, नाकाशी नेलं.

"याक?" त्यांनी विचारलं.

याकच्या राठ केसांचं काळं कापड लडाखमध्ये विणतात, त्याचे तंबूही करतात. हाताला घोंगडी तशीच लागली असणार. "याक नाही, मेंढी. आमच्या गावाकडची," भाची म्हणाली. आजींनी मान डोलावली आणि घोंगडीची घडी अगदी आपल्या हातांनी, कडेला कड जुळवून घातली.

माझ्या मनात तिथेच प्रश्न आला. आमची घोंगडी इतकी राठ आणि यांचा पश्मिना इतका मऊ, असं का?

बाजारात

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाडा पाहायला गेलो. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजानं बांधून घेतलेला हा नऊ मजली वाडा दगड, माती आणि लाकडाचा आहे. मातीच्या भिंती इतकी शतकं टिकल्या कशा? कारण लेहला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास. ढग दक्षिणेकडून येतात, हिमालयाला अडतात, तिकडेच रिकामे होतात आणि डोंगरापलीकडे लेह कोरडं राहतं. याला म्हणतात पर्जन्यछाया, म्हणजे पावसाची सावली.

हा शब्द ओळखीचा वाटतोय का? वाटणारच! आपलं जामखेडही पर्जन्यछायेतच आहे. आपल्या वाट्याचे ढग सह्याद्री अडवतो. लेहपेक्षा आपल्याकडे पाऊस कितीतरी जास्त, पण कोकणच्या मानानं अगदीच थोडा. थोड्या पावसात भात होत नाही, पण गवत आणि झुडपं उगवतात. जिथे गवत, तिथे मेंढरं. आणि मेंढरं, शेळ्या घेऊन फिरणारी माणसं. आपल्याकडे धनगर, लडाखात चांगपा.

राजवाड्याच्या पायथ्याशी लेहचा मोठा बाजार. एके काळी इथे यारकंद, तिबेट, काश्मीरहून तांडे उतरायचे. आता रस्त्याच्या कडेला बसून बायका भाजी, जर्दाळू विकतात. दुकानांत थांका चित्रं असतात, म्हणजे कापडावर काढलेली बुद्धाची चित्रं. त्यांत दगड कुटून केलेले रंगही वापरतात. चोकसे नावाची बुटकी कोरीव मेजं असतात. लडाखात झाडं कमी म्हणून लाकूड मोलाचं, आणि मोलाच्या लाकडावर कारागीर जीव ओततात. निळा फिरोजा दगड असतो. त्याला निळा रंग देतं चक्क तांबं!

पण आम्ही रेंगाळलो ते एका मागापाशी. एक बाई जमिनीवर बसून कापड विणत होती. मागाचं एक टोक पुढे खुंटीला आणि दुसरं तिच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेलं. ती मागे रेलली की उभे धागे ताणले जायचे, पुढे झुकली की सैल व्हायचे. माणूसच मागाचा अर्धा भाग! डेरा हलवायचा झाला तर हा माग गुंडाळायचा आणि निघायचं. रोज नवं कुरण शोधणाऱ्यांना याहून सोयीचं काय असणार?

बोकडाला कसं कळतं?

पश्मिना मिळतो चांगथांगी शेळ्यांपासून. चांगथांग हे लेहच्याही वरचं पठार, ४,००० मीटरच्या पुढे. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या खाली तीस अंशांपर्यंत उतरतो. या शेळ्या दोन अंगरखे घालतात. बाहेरचा राठ, लांब केसांचा. तो वारा आणि बर्फ अडवतो. त्याच्या आत असतो मऊ, बारीक लोकरीचा. या आतल्या लोकरीचं नाव पश्म.

पश्म किती बारीक? एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातले १२ ते १५ भाग, एवढीच तिची जाडी. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ७० भाग जाड असतो. म्हणजे तुमच्या एका केसाच्या जाडीत पश्मचे चार-पाच धागे शेजारी शेजारी बसतील. असे बारीक धागे एकमेकांत गुंतले की त्यांच्या मधे हवेचे असंख्य कप्पे तयार होतात. कोंडलेल्या हवेतून उष्णता सहज निसटत नाही. खरी ऊब देते ती ही कोंडलेली हवाच. लोकरीचं काम तिला धरून ठेवायचं.

आणि आता खरी गंमत. हिवाळा येणार हे शेळीला, बोकडाला कळतं कसं? ते दिवस मोजतात! जूनमध्ये दिवस सगळ्यात मोठा असतो. त्यानंतर तो लहान होऊ लागला, की मेंदूतली एक ग्रंथी त्याची नोंद घेते आणि कातडीला हुकूम सुटतो, आतला अंगरखा शिवायला घ्या! थंडी पडायच्या कितीतरी आधी काम सुरू झालेलं असतं. वसंतात दिवस मोठे झाले की पश्म आपोआप सुटायला लागते. तेव्हा चांगपा माणसं मोठ्या दातांच्या फणीनं शेळ्यांचे केस विंचरतात आणि सुटलेली पश्म गोळा करतात. एका शेळीमागे वर्षाला पाव किलोच्या आसपास लोकर निघते. तीही राठ केसांसकट. ते निवडून काढले की उरते त्याहून कितीतरी कमी. पश्मिना महाग का, ते कळलं ना?

आणि आपली घोंगडी

आपली दख्खनी मेंढी बिचारी कमी पडते असं वाटतंय? मुळीच नाही. तिचं काम वेगळं आहे. तिला उन्हात मैलोन्‌मैल चालायचं, काटेरी झुडपांतून जायचं, पावसाच्या सरी अंगावर घ्यायच्या. तिची लोकर पश्मच्या दुपटीहूनही जाड आणि चिवट असते. वर्षातून दोनदा ती कातरतात. कोकराची पहिली लोकर जरा मऊ असते. तिला म्हणतात जावळ, अगदी बाळाच्या जावळासारखंच! जावळाच्या घोंगडीला म्हणून मान असतो.

कातरलेली लोकर पिंजतात, सूत काढतात आणि सणगर कारागीर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. उभ्या धाग्यांना देतात चिंचोक्याची खळ, म्हणजे ते तुटत नाहीत. मेंढीच्या लोकरीवर तेलकट थर असतो, त्यामुळे पावसाचे थेंब घोंगडीवरून घरंगळतात. पावसात मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसाला पश्मिना काय कामाचा? त्याला घोंगडीच हवी. पांघरायला, अंथरायला, डोक्यावर खोळ करून घ्यायला.

जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावात १७२५ साली एका धनगर घरात जन्मलेल्या मुलीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. अहिल्याबाई होळकर! त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी केली आणि तिथे विणकरांना बोलावून वसवलं. तो उष्ण प्रदेश, म्हणून तिथे विणल्या गेल्या हलक्या, हवेशीर माहेश्वरी साड्या. चौंडीच्या आसपास घोंगडी, महेश्वरला साडी, लेहला पश्मिना. प्रत्येक ठिकाणच्या हवेनं विचारलेल्या प्रश्नाला तिथल्या माणसांनी दिलेलं हे उत्तर आहे. म्हणून नव्या गावी गेलात की दुकानात नुसती किंमत विचारू नका. "हे इथेच का बनतं?" असंही विचारा. कारागीर खुलून बोलतात.

करून बघा

१. घोंगडीवर आणि सुती पंचावर पाण्याचा एकेक थेंब सोडा. कुठला थेंब गोल राहतो? घड्याळ लावून मोजा.

२. लोकरीचा, सुताचा आणि आपल्या केसाचा एकेक धागा भिंगाखाली ठेवा. जाडी, चमक, वळणं यांत काय फरक दिसतो ते वहीत काढा.

३. कधी उंच घाटावर गेलात, तर रिकाम्या बाटलीला तिथे बूच लावा आणि खाली उतरल्यावर तिचं काय झालं ते पाहा.

भाचीची चेपलेली बाटली अजून कपाटावर उभी आहे. मफलर मात्र आजीनं घोंगडीबरोबर एकाच ट्रंकेत ठेवला आणि दोन्हींच्या घड्यांत कडुनिंबाचा सुका पाला पसरला. "महागाच्या लोकरीलाही कसर लागते का गं, आजी?" भाचीनं विचारलं.

"लागते तर!" आजी म्हणाली.

आणि ते खरंच आहे. शेळीची पश्म, मेंढीची लोकर आणि आपला केस, तिन्ही एकाच पदार्थाचे बनलेले असतात. त्याचं नाव केराटिन. कसरीची अळी तेच खाऊन वाढते. लेह आणि जामखेड यांच्यातलं नातं तिला कधीचंच ठाऊक आहे.