निरोगी माणसाची शीर किती जाड?

भाताच्या लावणीत दिवसभर वाकून हात भरून आला की महाड-पोलादपूरकडचा माणूस म्हणतो, "शीर आखडली." पोटरीत गोळा आला तर "शिरेवर शीर चढली." रक्तवाहिनी, स्नायूचा दोर आणि मज्जातंतू या तिन्हींना आपण एकाच शब्दात गुंडाळतो. आम्ही येथे बोलणार आहोत ते मज्जातंतूविषयी. मेंदूचा हुकूम स्नायूंकडे आणि त्वचेची जाणीव मेंदूकडे नेणारी ती तार आहे.

यांतली एक तार ज्याला त्याला स्वतःच्या अंगावर चाचपता येते. कोपराच्या आतल्या बाजूस हाडाची खोबण असते. तेथे बोट फिरवले म्हणजे दोरीसारखे काही सरकते, आणि मार बसला तर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. कुष्ठरोगाचे जंतू वारंवार याच मज्जातंतूत ठाण मांडतात. तो सुजतो, जाड होतो. पुढे करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊन वाकते. 2005 च्या अखेरीस देशातील या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, तरी रोग संपलेला नाही. औषधाने जंतू मरतात. पण पुरता निकामी झालेला मज्जातंतू सहसा पूर्ववत होत नाही. सूज वेळीच ओळखणे म्हणजे कष्टकऱ्याचा हात वाचवणे.

ही सूज डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या बोटांनी पारखत आले. पण बोट आकडा सांगत नाही. एकाला जो मज्जातंतू जाड वाटतो, तो दुसऱ्याला ठीक वाटतो. येथे सोनोग्राफी उपयोगी पडते.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मज्जातंतू पाहण्यासाठी सेकंदाला एक ते पावणेदोन कोटी कंपनांचा ध्वनी वापरतात. शरीरात तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो. म्हणजे त्याची एकेक लाट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी बारीक होते. लाट जितकी बारीक तितके चित्र रेखीव. मात्र असा ध्वनी फार खोल जात नाही. मनगट आणि कोपर येथील मज्जातंतू कातडीलगत असल्यामुळे हे उणेपण तेथे आड येत नाही. पडद्यावर आडवा छेद दिसतो तो मधाच्या पोळ्यासारखा: काळे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे, त्यांभोवती उजळ वेष्टण. बाहेरच्या उजळ कडेच्या आतून रेघ ओढली की यंत्र क्षेत्रफळ सांगते.

येथे हात कसलेला हवा. काकडी तिरकी कापली तर चकती लांबट निघते. तसेच यंत्राची कांडी तिरपी धरली तर निरोगी मज्जातंतूही जाड भासतो.

निरोगी प्रौढाच्या मनगटातील मधल्या मज्जातंतूचे क्षेत्रफळ बहुतेक अभ्यासांत 7 ते 10 चौरस मिलिमीटर भरते. मुगाचा दाणा आडवा कापावा, इतपतच. पण हे माप सर्वांना सारखे नाही. उंची, वजन, वय यांप्रमाणे ते बदलते. पुरुषांत ते सहसा थोडे अधिक असते. समजा, माप 11 आले. धिप्पाड माणसात ते स्वाभाविक असू शकेल. किरकोळ अंगाच्या बाईत तेच आजाराची खूण ठरू शकेल. म्हणून डॉक्टर दोन्ही हात ताडून पाहतात, आणि मनगटातले माप त्याच हाताच्या वरच्या भागातील मापाशीही पडताळतात.

मग परदेशातील तक्ता आपल्याला कितपत चालेल? याच शंकेतून आपल्याकडेही मोजणी झाली. हैदराबादच्या डॉक्टरांनी कुष्ठरोग्यांचे मज्जातंतू निरोगी माणसांच्या मज्जातंतूंशी ताडून पाहिले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोग्यांचे मज्जातंतू लक्षणीय जाड आढळले. 2013 साली 100 निरोगी आशियाई व्यक्तींच्या कोपराकडील मज्जातंतूची मापेही प्रसिद्ध झाली. निरोगी म्हणजे केवळ तक्रार नसलेला माणूस नव्हे. मधुमेह मुकाट्याने मज्जातंतू बिघडवतो, म्हणून तो नाही याची आधी खात्री करावी लागते.

असले काम मोठ्या शहरांतच होते, असे महाडकरांनी तरी म्हणू नये. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांची रात्रंदिवस बारकाईने नोंद ठेवली. 1982 साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि प्राझोसिनच्या उपचाराने पुढे असंख्य जीव वाचले. तेथे रोग्यांची नोंद लागली. येथे निरोग्यांची लागेल.

अडचण आहे ती वेगळी. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यान्वये सोनोग्राफीच्या यंत्राची नोंदणी लागते, मग ते हात तपासण्यासाठी का असेना. ते वाटेल तेव्हा उचलून पोलादपूरच्या डोंगरवाडीत नेता येत नाही; कायद्याचे कारण रास्तच आहे. म्हणून यंत्राकडे माणसांनी जावे लागेल, आणि तेही काही दुखत नसताना. या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत. थोडे थंड मलम आणि काही मिनिटे, एवढाच खर्च. अशी मोजणी या भागात कधी निघाली, तर धडधाकट माणसाने "मला काय झाले आहे?" असे म्हणून मागे फिरू नये. शेजाऱ्याचा मज्जातंतू सुजला आहे की नाही, हे त्याच्या निरोगी हाताशी ताडूनच ठरणार आहे.