जुन्या डिझेल गाडीचे ॲव्हरेज आणि कर्जाचा हप्ता

शिक्रापूर पुणे-नगर रस्त्यावर असल्यामुळे आणि येथूनच चाकणचा रस्ता फुटत असल्यामुळे गाडीचा धंदा या भागात पूर्वीपासून आहे. सणसवाडी व रांजणगाव येथे कारखाने आल्यापासून तो वाढला. आपल्या समाजातील तरुणही त्यात उतरले. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, म्हणून जुनी सुमो, जुनी जीप, जुनी ट्रॅक्स. कोणी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवलातून घेतली, कोणी बँकेच्या कर्जातून, कोणी घरातले सोने मोडून. आम्ही बँकेत नोकरीला. गाडी घेतली त्या दिवशीचे पेढे आम्ही खातो आणि पुढे हप्ता थकला की नोटीसही आमच्याच टेबलावरून जाते. कारण विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते, "साहेब, गाडी डिझेल फार खाते." संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा म्हणूनच आम्ही हा विषय घेतला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, मेस्त्री नव्हे. गॅरेजमध्ये बसून, विचारून आणि स्वतः हिशेब ठेवून जे समजले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, गाडी किती खाते हे मोजल्याशिवाय बोलू नये. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. जितके लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरला भागावे. एकदा मोजून भागत नाही, तीन-चार वेळा मोजून सरासरी काढावी. आम्ही एकदा ॲव्हरेज वाढवणारी औषधाची बाटली टाकीत ओतली आणि खरोखर आकडा वाढला. नंतर लक्षात आले की त्या आठवड्यात बाटलीच्या कौतुकाने गाडीच हळू चालवली होती!

आता हिशेब पाहू. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ९ देत असेल तर ३३३ लिटर डिझेल लागते. ती ११ देऊ लागली तर २७३ लिटर पुरते. वाचले ६० लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर ५,४०० रुपये. विद्यार्थ्यांनी येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. तेच दोन किलोमीटर १५ वरून १७ असे वाढले तर बचत जेमतेम २४ लिटरची होते. म्हणजे जास्त खाणाऱ्या जुन्या गाडीत केलेली सुधारणा जास्त फळते.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा सुमारे वीस पट दाबली जाते, त्याने ती इतकी तापते की आत उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची १८९७ साली चाचणी झाली तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे काम झाले, आणि त्या काळी तो मोठा पराक्रम होता. आपल्या जुन्या गाडीतही बरीचशी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे जाते. ती थांबवणे आपल्या हाती नाही. पण न जळता जाणारे डिझेल थांबवता येते, आणि ते ओळखण्याची खूण धूर आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल तर बहुधा डिझेल अर्धवट जळते आहे.

काळा धूर दिसला की आधी एअर फिल्टर उघडावा. आपल्याकडे चाकण रस्त्याची धूळ आणि उसाच्या ट्रॉल्यांमागचा पाचोळा यांनी तो लवकर भरतो. फिल्टर स्वच्छ असेल तर नोझल तपासावे. नोझलमधून डिझेल धुक्यासारखे उडाले पाहिजे. थेंब गळू लागले की ते धड जळत नाही. नोझल दाब लावून तपासण्याचे यंत्र डिझेल पंपाचे काम करणाऱ्यांकडे असते. तेथेच पंपाचे कॅलिब्रेशन आणि टायमिंगही पाहून घ्यावे. 'पिकअप वाढवून देतो' म्हणून पंपाचा स्क्रू फिरवणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे, कारण त्या पिकअपचा धूर होतो.

आणखी एक खोड आहे. इंजिन गरम होऊ नये म्हणून काही जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन लवकर तापत नाही आणि थंड इंजिन जास्त डिझेल खाते. गरम होण्याचे खरे कारण रेडिएटरमध्ये शोधावे.

इंजिनाबाहेरही डिझेल जाते. टायरमध्ये हवा कमी असणे, टपावरचे रिकामे कॅरिअर, आणि चाकाला धरून राहिलेला ब्रेक. वेगाचे तर विचारूच नका. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० ऐवजी ८० ने गेलो तर तो पावणेदोन पट होतो. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग सांगत आली आहे. नगर रस्त्यावर मागचा ट्रकवाला इतका धीर धरत नाही हे आम्हालाही माहीत आहे, पण ८० ची तरी गरज नसते. १ जानेवारीला जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जाताना तासन्‌तास गाड्या थांबतात, तेव्हा इंजिन बंद करावे. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर सहज पिते.

काही बचती मात्र जीवावर बेततात. दिवे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिनच बंद करणे ही त्यातली पहिली. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर वेग टिकून असेपर्यंत पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो, म्हणजे खर्च जवळजवळ शून्य. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जातच राहते. इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. दुसरी बचत रॉकेल मिसळण्याची. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते. रॉकेल पातळ, त्यात भाग घासतात, आणि लिटरमागे उष्णताही थोडी कमी. शिवाय तो गुन्हा आहे. स्वस्ताईतून वाचलेले सगळे पैसे एका पंपाच्या दुरुस्तीत जातात.

आमच्या ओळखीचा एक तरुण कामगारांची ने-आण करतो. दोन हप्ते थकले तेव्हा गाडी विकतो म्हणून आला होता. आम्ही त्याला शंभर पानी वही दिली. पहिल्या महिन्याची सरासरी साडेआठ आली. मागचे डावे चाक हाताला चटका बसेल इतके तापत होते, तेथे ब्रेक धरत होता. दोन नोझल गळत होते. दोन्ही कामे केली, कॅरिअर उतरवले, आणि तिसऱ्या महिन्यात आकडा साडेदहाच्या पुढे गेला. एक थकलेला हप्ता त्याने भरला, दुसऱ्याचे अर्धे पैसे पुढच्या महिन्यात आणून दिले. गाडी अजून त्याच्याकडेच आहे. वही संपत आली म्हणून परवा दुसरी मागायला आला होता.