मोहाची फुले आणि मोहाची रोपे
उपवासकाळात सुरत जिल्ह्यातील मांडवी, महुवा या तालुक्यांत पहाटे मोहाखाली मांसल, मधुर फुलांचा सडा पडतो. ती वाळवून माणसे खातात, गुरांना चारतात; बियांचे तेल निघते. लोकांना मात्र आधी दारूच आठवते! तिच्यापायी मुंबई सरकारने १८९२ साली मोहफुलांवर कायद्याने निर्बंध घातले होते.

वाचकहो, फुले वेचणे सोपे जावे म्हणून आपण झाडाखालचा पाला जाळतो. त्या आगीत कोवळी रोपे होरपळतात. बियाही सगळ्या वेचून नेल्यावर नवे झाड उगवावे कशातून? मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. पावसाच्या आरंभी ताजेच पेरावे. फुलांना पुढे आठ-दहा वर्षे लागतात. पाला जाळू नये, झाडून बाजूस सारावा आणि खाली जुने लुगडे अंथरावे. फुलांना मातीही लागत नाही.