पंच्याहत्तर चाचण्या की पाच?

‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती हल्ली मोबाइलवर येतात, सोसायटीच्या फलकावरही लागतात. पंच्याहत्तर चाचण्या, अर्ध्या किमतीत, रक्त घ्यायला माणूस घरी येणार. जितक्या चाचण्या जास्त तितकी काळजी चांगली, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रयोगशाळेच्या अहवालात ‘नॉर्मल’ कसं ठरतं हे एकदा कळलं की हा हिशेब बदलतो.

बहुतेक चाचण्यांची नॉर्मल मर्यादा निरोगी माणसांच्या रक्तावरून काढतात. त्यांच्या आकड्यांपैकी मधले ९५ टक्के घेतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून देतात. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही शंभरातल्या पाचांचा आकडा ठळक अक्षरांत छापून येणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचीही निदान एक चाचणी ‘बिघडलेली’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग सोनोग्राफी, पुन्हा रक्त, तज्ज्ञ डॉक्टरांची भेट आणि आठवडाभराची झोपमोड. पॅकेजमधले ‘कॅन्सर मार्कर’ तर तक्रार नसलेल्या माणसाने करूच नयेत. सीए-१२५ हा मार्कर पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो.

तपासणी उपयोगी ठरायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आजार बराच काळ लपून राहणारा हवा, तो पकडणारी चाचणी साधी आणि निर्धोक हवी, आणि लवकर पकडल्याने उपचाराचं फळ खरोखर बदलायला हवं. या कसोटीवर उतरणाऱ्या पाच तपासण्या आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकासाठी ठेवल्या आहेत: रक्तदाब, साखर, तोंड आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुख. त्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होतात. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, तिथूनच या तपासण्यांची सुरुवात होते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार यांना गुण देतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलावतात.

रक्तदाब मोजणं सर्वांत सोपं वाटतं आणि त्यातच सर्वांत जास्त चुका होतात. शिबिरात माणूस रांगेतून येतो, खुर्चीच्या टोकावर टेकतो, शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळतो आणि शेजाऱ्याशी बोलत असतानाच पट्टा फुगतो. असा आलेला १५२ हा आकडा भरवशाचा नव्हे. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. चहा किंवा तंबाखू अर्धा तास आधीपासून बंद. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा मागून घ्यावा. मिनिटभराने पुन्हा मोजायचं. वेगवेगळ्या दिवशीही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं, तर डॉक्टरांकडे जायचं. हे वर्षातून एकदा करायला दहा मिनिटं लागतात आणि कितीतरी पक्षाघात त्यातून टळतात.

साखरेची तपासणीही दरवर्षी करावी. उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. सकाळचा अर्धा कप चहाही चालत नाही. १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा पुढे असेल तर पुन्हा तपासून खात्री. एचबीए१सी ही तीन महिन्यांचा अंदाज देणारी चाचणी सोयीची आहे, पण ज्यांना रक्तक्षय आहे किंवा सिकलसेल आहे त्यांच्यात ती फसवते. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या विदर्भात आणि नंदुरबारकडे हे विसरून चालणार नाही. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहणंच बरं.

गुटखा, मावा, खर्रा खाणाऱ्यांच्या आणि मिश्री लावणाऱ्या बायकांच्या तोंडाची तपासणी म्हणजे बॅटरी, हातमोजा आणि पाहणारे डोळे, एवढंच. गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्वीसारखं उघडतं का, हे पाहायचं. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दाखवायलाच हवा.

स्तनांची तपासणी प्रशिक्षित कार्यकर्तीने हाताने करण्याला किती अर्थ आहे, याचं उत्तर मुंबईतून मिळालं. टाटा स्मारक रुग्णालयाने वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. त्याहून तरुण बायकांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणून आईची, सासूची तपासणी ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळू नये.

गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच बायका सर्वाधिक मागे सरतात. हा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. विषाणू टिकून राहिला, तरी पेशी बदलून कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. एवढी मुदत देणारे कर्करोग थोडेच आहेत. उपकेंद्रात जी व्हीआयए तपासणी करतात तिच्यात गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात. व्हिनेगर म्हणजे तेच. मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. किंचित चुरचुरतं, भूल लागत नाही आणि उत्तर तिथेच कळतं. पाळीच्या दिवसांत ही तपासणी करत नाहीत. पाच वर्षांतून एकदा ती पुरेशी असते. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. तो भाग दुर्बिणीतून पाहून, गरज असल्यास गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

मुंबईच्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्तींनी हीच तपासणी केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच सुमारास, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला होता. त्यात ज्यांची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्या गटातले मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ साली छापून आलेल्या या निष्कर्षांचा जगभरच्या धोरणांवर परिणाम झाला. खाजगीत खर्च करणं परवडत असेल, तर पंच्याहत्तर चाचण्यांऐवजी ही एक चाचणी करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलींसाठी लस आहेच, पुण्यात बनलेलीही आहे. पण लस घेतलेल्यांनीही तिशीनंतर तपासणी चुकवू नये.

हे सारं तक्रार नसलेल्यांसाठी झालं. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, स्तनात गाठ लागत असेल, तर शिबिराची वाट पाहायची नाही, थेट डॉक्टर गाठायचा. आणि मधुमेह ठरल्यावर दरवर्षी डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पावलं तपासून घ्यायची.

आपल्याकडे साखळी तुटते ती तपासणीनंतर. उपकेंद्रातून चिठ्ठी मिळते, ग्रामीण रुग्णालय लांब असतं, मजुरी बुडते, घरात सांगायची लाज वाटते आणि चिठ्ठी डब्यात पडून राहते. म्हणून घरच्यांना विनंती: पुढच्या तपासणीचा दिवस चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी ठरवा, आणि त्या बाईला एकटीला पाठवू नका. एक दिवसाचा रोज बुडाला तरी कोणीतरी सोबत जा.